मागच्या खोलीपर्यंत वायर

“दसऱ्याचा झेंडू कुणाच्या आईसाठी थांबत नाय,” खंडेराव एकदा म्हणाले होते.

आई त्यांच्या बायकोची, कुसाबाईची होती. वणीला भावाच्या घरी ती अंथरुणाला खिळली होती, आणि निरोप आला तेव्हा मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडणीला आलेला. कुसाबाईने दोन लुगडी पिशवीत भरून पिशवी ओट्यावर ठेवली होती. खंडेरावांनी ती उचलून आत नेली, खुंटीला टांगली, आणि तिच्या हातात तोडणीची पाटी दिली. ते रागावलेले नव्हते. आज वारा पडलाय, असं सांगावं तशा आवाजात ते बोलले होते. दसरा झाला, फुलं विकली गेली, आणि मग कुसाबाई वणीला गेली. तोवर भावाने डोकं भादरलेलं होतं.

रागात बोललेलं माणूस कधीतरी विसरतं. कुसाबाईला अडचण झाली ती त्या शांत आवाजाची. तो तिच्या कानात राहिला आणि पुढे खंडेराव काहीही बोलले, चहा मागितला तरी, तिला तोच आवाज ऐकू येऊ लागला.

खंडेराव होतेच तसे. बापाकडून आलेला गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा त्यांनी एकहाती राखला. हाताला फुलं यायची, जिभेला कधी आली नाहीत. मजुरणीने तोडलेली पाटी ते स्वतः उलटी करून बघत आणि दांड्या आखूड निघाल्या तर ती तिच्याच पायावर रिती करत. थोरल्या भावाशी, पुंजाशी, विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं ते बिनसलंच. पुंजा गेला तेव्हा तिकडे तिरडी बांधून होईपर्यंत हे विहिरीवर मोटर उघडून बसले होते. लोक बोलवायला आले तर म्हणाले, “तो काय पळून चाललाय का? येतो.”

शहर वाढत वाढत त्यांच्या बांधाला येऊन टेकलं. आजूबाजूच्यांनी जमिनी दिल्या, इमारती उठल्या, आणि त्या इमारतींची सावली दुपारपासूनच शेवंतीवर पडायला लागली. शेवंती सावलीत कळीच धरेना. खंडेरावांनी कुणाला न विचारता जमीन बिल्डरला देऊन टाकली. मोबदल्यात त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जिथे गुलाबाचे वाफे होते तिथे आता पार्किंगचे पट्टे होते. विहिरीवर स्लॅब टाकून सोसायटीने जनरेटर बसवला होता.

फ्लॅटमध्ये हॉल, स्वयंपाकघर, मुलगा हर्षल, सून निकिता आणि नात दिशा ह्यांची बेडरूम, आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे एक लहान मागची खोली. खंडेरावांनी आपली लोखंडी खाट त्या मागच्या खोलीत टाकली, कारण तिच्या खिडकीतून जनरेटर दिसायचा. ते दिवसभर तिथे बसून त्या जनरेटरकडे बघत. एखाद्या भाऊबंदाकडे बघावं तसं बघत. कुसाबाई हॉलमध्ये दिवाणावर झोपायची. खोलीचं दार तिच्यासाठी फक्त चहा-जेवणापुरतं उघडं होतं.

असं सगळं आपापल्या जागी पक्कं बसलेलं असताना, ह्या थंडीत हर्षलने जेवताना विषय काढला.

“नाना, एक तारखेपासून कंपनीचा नवा नियम आहे. घरून काम करायचं तर वायरचं नेट पाहिजे, आणि दार लागेल अशी वेगळी खोली पाहिजे. नाहीतर रोज पुण्याला ऑफिसात.”

खंडेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. “मग जा पुण्याला.”

“मागची खोली दिली तर जायची गरज नाही. बेडरूममध्ये दिशा झोपलेली असते, रडते, मी तिथे बोलू शकत नाही. हॉलमध्ये संध्याकाळी तुमचा टीव्ही. परवा साहेब विचारत होते, मागे कीर्तन कुठलं चाललंय.”

“ऐकून त्यांचं काय वाईट झालं?”

“नाना, मस्करी नाहीये ही. वायफाय त्या खोलीत पोचत नाही, मधे लिफ्टची भिंत आहे. पोचलं तरी कंपनीला चालत नाही. राउटर हॉलमध्ये आहे, तिथून वायर ओढावी लागेल.”

“आणि मी कुठं जाऊ? जनरेटरवर बसू?”

“हॉलमध्ये खाट टाकू ना. आई आहेच तिथे.”

“म्हणजे जिवंतपणीच हॉलमध्ये ठेवताय,” खंडेराव म्हणाले. “लोकांना दर्शनाला बरं पडंल.”

निकिताने दिशाच्या तोंडात वरणभात भरवला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, “पुण्यात वाकडला दोन फ्लॅट बघून ठेवलेत आम्ही. पाळणाघर खालीच आहे. मला काही इथल्या वायरीची घाई नाही.”

कुसाबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

तिला एकच चित्र दिसलं. हर्षल, निकिता, दिशा गेलेले, त्यांच्या बेडरूमला कुलूप, आणि ह्या चौथ्या मजल्यावर ती आणि खंडेराव. लग्न होऊन आली तेव्हा सासू-सासरे होते, दिरा-जावांचा गोतावळा होता. मग मळ्यातल्या मजुरणी होत्या, मग हर्षल होता. आयुष्यभर तिच्या आणि ह्या माणसाच्या मधे कुणी ना कुणी उभं होतं. नवऱ्यासोबत एकटं राहण्याची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. म्हातारपणी ती येणार, आणि रोज सकाळपासून झोपेपर्यंत तो वारा पडल्यासारखा आवाज ऐकावा लागणार. मुलगा जाईल ह्याचं दुःख त्याच्या मागून आलं. आधी आली ती भीती.

“खोली द्या त्याला,” ती म्हणाली.

खंडेराव पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. मग हर्षलला अगदी निवांत म्हणाले, “बोलाव तुझ्या वायरवाल्याला. बघू दे त्याला, वायर कशी जाते ती.”

इतक्या सहज ते कधी कशाला हो म्हणत नसत. कुसाबाईने चमकून बघितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओट्याखाली ठेवलेल्या गॅस सिलिंडरकडे बघत होते, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा थोडा वर गेला होता. मग तिला उमजलं. वायर जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. कशी जाईल? जाण्याची वाट त्यांनीच बुजवली होती, आणि ती बुजवताना कुसाबाई शेजारी सिमेंटची परात धरून उभी होती.

वास्तुशांतीच्या दिवशीची गोष्ट. गुरुजींना त्या दिवशी अजून एक घर उरकायचं होतं. होम झाला, आणि त्यांनी तांब्याची डबी खंडेरावांच्या हातात दिली. आत वास्तूची प्रतिमा, सात धान्यं, शेवाळ, पंचरत्नं. “आग्नेयेला पुरा, तोंड खाली करून,” असं सांगून ते चपला शोधायला लागले. जमिनीवरच्या घरात पुरायला काही अडचण नसते. इथे फरशीखाली स्लॅब होता आणि बिल्डरचा माणूस दारात उभा राहून सांगत होता, फरशी फोडाल तर खालच्याच्या घरात पाणी गळेल, मग मला सांगायचं नाही. खंडेराव घरभर फिरले. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, भिंतीत, फरशीलगत त्यांना एक उघडा चौकोनी डबा सापडला. डब्यात दोन बाजूंनी पाइप येत होते आणि पाइपांत काहीच नव्हतं. हॉलमधून मागच्या खोलीकडे जाणारी ती वाट टेलिफोनसाठी रिकामी ठेवलेली होती. खंडेरावांना वाटलं, बिल्डरने चुकून पोकळी सोडलीय. किंवा देवानेच सोडायला लावलीय. आयुष्यभर जमिनीत भोकं पाडून रोपं लावलेल्या माणसाला भिंतीतलं आयतं भोक म्हणजे आळंच वाटणार.

त्यांनी डबी त्यात ठेवली. शेवंतीच्या वाफ्यातली मूठभर माती एका फडक्यात बांधून आणली होती, ती तिच्याभोवती दाबली. मुंग्या येऊ नयेत म्हणून धोतराची धांदोटी फाडून दोन्ही पाइपांच्या तोंडात खुपसली. वरून सिमेंट लिंपलं, रंगाऱ्याकडून रंग मारून घेतला. मग कुसाबाईला म्हणाले, “ही जागा कुणाला सांगायची नाय. पोरालाबी नाय. वास्तू हलली की घरचा कर्ता टिकत नाय.”

तिने कुणाला सांगितलं नाही. अमावस्येला ती सिलिंडरच्या मागे हळदकुंकू वाहायची, आणि निकिता मैत्रिणींना सांगायची की आमच्या आई गॅसची पूजा करतात, भाव वाढू नये म्हणून.

वायरवाला आला तो समाधान, नामपूरकडचा, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारा. खांद्याला निळ्या वायरचं भेंडोळं, हातात गुंडाळलेली स्टीलची स्प्रिंग. तोंडात तंबाखू होती म्हणून तो आधी गॅलरीत जाऊन थुंकून आला. टीव्हीमागची पट्टी उघडली, पाइप बघितला आणि खूश झाला.

“भाऊ, तुमच्याकडं तर तयार पाइप शे. अर्ध्या तासाचं काम. ही स्प्रिंग इकडून घालायची, तिकडं काढायची, तिला वायर बांधून ओढायची.”

त्याने स्प्रिंग पाइपात सरकवायला सुरुवात केली. ती सरसर गेली आणि थांबली. त्याने मागे घेतली, पुन्हा रेटली. थांबली. मग तो मागच्या खोलीत गेला. खंडेराव खाटेवर मांडी घालून बसले होते. खाटेच्या मागेच दुसऱ्या टोकाची पट्टी होती.

“बाबा, जरा सरकता का?”

“सरकून काय होनार हाय?”

“पाइप बघतो ना.”

“बघ. भिंतीला नमस्कारबी कर, काय पावली तर.”

खंडेराव हातभर सरकले. समाधानने त्यांच्या पाठीमागून हात घालून स्प्रिंग रेटली. ती तिकडूनही गेली आणि अडली. तो घामाघूम झाला. खंडेराव ते बघत होते. रस्त्यात दुसऱ्याची बैलगाडी चिखलात रुतलेली बघावी, तसे बघत होते.

“चोकप शे,” समाधान हॉलमध्ये येऊन म्हणाला. “मधे कुठंतरी सिमेंट पडलंय. बिल्डर लोक असेच. काम करताना डोळे घरी ठेवून येतात.”

“सगळे बिल्डर हरामखोर,” मागच्या खोलीतून आवाज आला.

कुसाबाई कणीक मळत होती. तिने मळता मळता मूठ अशी दाबली की कणीक बोटांतून वर आली.

हर्षल म्हणाला, “बाहेरून नेता येईल का? डक्टमधून?”

“चेअरमननी मागच्याच महिन्यात माझी दुसऱ्याकडची वायर कापली. नवा रंग मारलाय म्हणे इमारतीला. बाहेरून नाय. आतून प्लास्टिकची पट्टी मारतो ना. भिंतीच्या कडेनं, दरवाज्यावरून. देवघराच्या वर एक होल पाडतो, पलीकडं स्वयंपाकघर, मग तिकडं एक होल.”

खाट करकरली. खंडेराव दारात येऊन उभे राहिले.

“देवाच्या डोक्यावरून वायर?”

“वरून जाईल बाबा, पट्टीतून. दिसणारबी नाय.”

“मला दिसंल. तुझ्या घरात ने देवाच्या डोक्यावरून. ह्या घराची भिंत माझ्या नावावर हाय. होल पाडायचं तर आधी माझी सही लागंल, आणि मला सही येत नाय.”

“येते की,” हर्षल म्हणाला.

“आजपासून नाय येत.”

निकिता हसली. दिशाला कडेवर घेऊन ती आत गेली आणि फोन लावल्याचा आवाज आला. वाकडच्या दलालाशी ती बोलत होती. पूर्वेकडून ऊन येतं का, गॅलरीला जाळी आहे का, रविवारी बघायला आलो तर चालेल का.

हर्षल सोफ्यावर बसला. त्याने हात वर केले, म्हणजे आता सोडून दिलं असं. हे त्याचं लहानपणापासूनचं हात वर करणं कुसाबाईला ठाऊक होतं. शाळेत असताना पतंग, कॉलेजात असताना मोटारसायकल, दर वेळी बापासमोर हेच हात वर झाले होते. “राहू दे समाधानभाऊ,” तो म्हणाला. “तुम्ही आलात त्याबद्दल आभारी आहे. जाऊ आम्ही पुण्याला.”

समाधानने स्प्रिंग गुंडाळायला घेतली.

कुसाबाईने कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि हॉलच्या दारात आली.

“समाधानभाऊ,” ती म्हणाली, “ते गुंडाळू नका. इकडं या. सिलिंडर बाजूला घ्या. त्याच्या मागं भिंतीत डबा हाय. पाइप तिथं बुजलाय.”

समाधान जाऊन सिलिंडरपाशी उकिडवा बसला. आत निकिताचं बोलणं थांबलं.

“तुला काय माहीत?” हर्षलने विचारलं.

“मी परात धरली होती. वास्तू ठेवलीय तिथं ह्यांनी. पाइपाच्या तोंडात धोतर कोंबून वर सिमेंट लावलंय. बिल्डरला उगाच शिव्या कशाला?”

खंडेराव जागचे हलले नाहीत. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. कुसाबाईने तो चेहरा इतकी वर्षं बघितला होता, त्यात हे तिला अनोळखी होतं.

“कुसे,” ते म्हणाले. तिचं नाव त्यांनी कधी घेतलं होतं ते तिला आठवत नव्हतं. “मी तवा काय म्हनलो होतो?”

“वास्तू हलली की घरचा कर्ता टिकत नाय.”

“म्हंजे ध्यानात हाय.”

“ध्यानात हाय म्हनूनच सांगितलं.”

समाधानने जीभ चावली. तो सिलिंडरपाशी उकिडवा बसला होता, तो उठून उभा राहिला. “मावशी, देवाबिवाचं काम असंल तर मी हात नाय लावणार. मला घरी पोरंबाळं शेतस.”

“गुरुजींना विचारतो,” हर्षल म्हणाला. त्याने फोन लावला. गुरुजींनी आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. ते म्हणाले, हलवता येतं, पण आधी उत्तरपूजा करावी लागेल, सध्या मला सवड नाही, पुढच्या महिन्यात फोन करा. हर्षलने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि फोन खिशात टाकला. “पुढच्या महिन्यात म्हणजे एक तारीख उलटून गेली. मी नाही हं आई असं काही उगाच...”

“तू नकोच,” कुसाबाई म्हणाली.

तिने मांडणीवरून खलबत्ता काढला. खल ओट्यावर ठेवला आणि लोखंडी बत्ता हातात घेतला. सिलिंडर तिने स्वतःच फिरवत फिरवत बाहेर ओढला. मग खाली बसली. भिंतीवरच्या रंगावर हळदकुंकवाचे जुने, तेलकट डाग होते. तिथेच तिने बत्ता घातला.

पहिल्या घावाला नुसता रंग उडाला. ती मळ्यात वाढलेली बाई होती, हात अजून उतरला नव्हता. दुसऱ्या, तिसऱ्या घावाला सिमेंटला चीर गेली. ती थांबून थांबून, मसाला कुटावा तशी घाव घालत होती. मागे खंडेराव उभे होते. मधे पडून तिचा हात धरायला त्यांना दोन पावलं टाकावी लागली असती. त्यांनी टाकली नाहीत. कदाचित ती मागे वळून बघेल, थांबेल, असं त्यांना वाटत असावं. ती वळली नाही.

सिमेंटचा पापुद्रा निघाला. आतून पिवळी पडलेली धोतराची धांदोटी आली, ती ओढली तशी सळसळ करत माती फरशीवर सांडली. पार वाळलेली, राखेसारखी माती. तिच्यामागून हिरवट काळी पडलेली तांब्याची डबी आली. कुसाबाईने डबी दोन्ही हातांनी घेतली, नळाखाली धरली, पुसली आणि देवघरात नेऊन खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली. हात जोडले नाहीत.

मग तिने केरसुणी घेतली.

“आई, ती माती,” हर्षल म्हणाला. “शेतातली असेल ना? तुळशीत घाल.”

“तुळशीला चांगली माती आनलीय मी,” ती म्हणाली. तिने ती माती सुपलीत भरली, सिमेंटच्या कपच्या आणि रंगाच्या पापुद्र्यांसकट, आणि ओट्याखालच्या कचऱ्याच्या बादलीत रिती केली. सकाळच्या वांग्याच्या देठांवर माती पडली. खंडेराव बादलीकडे बघत होते. मग ते वळले, मागच्या खोलीत गेले आणि खाटेवर बसले.

पुढचं काम लवकर झालं. स्प्रिंग हॉलमधून सुटली ती थेट मागच्या खोलीत निघाली. समाधानने तिच्या टोकाला निळी वायर चिकटपट्टीने बांधली आणि हर्षलला ओढायला सांगितलं. हर्षल ओढत होता, समाधान हॉलमधून वायर सोडत होता, आणि मधे कोपऱ्यातल्या उघड्या भोकातून ती सरकताना कुसाबाईला दिसत होती. ती कणकेचे गोळे करत होती. एकदा वायर अडकली, तर तिनेच बोटाने ती पुढे ढकलली.

“बाबा, खाट घ्यावी लागंल आता,” समाधान मागच्या खोलीत म्हणाला. “पट्टीवर सॉकेट बसवायचंय.”

खंडेराव उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. हर्षल आणि समाधानने खाट दाराकडे सरकवली. ती दारातून सरळ निघत नव्हती म्हणून आडवी केली. गादी घडी होऊन घसरली आणि उशीखालून चुन्याची डबी, जुना कंगवा आणि कसल्याशा बियांची पुडी खाली पडली. हर्षलने ते उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. खाट हॉलमध्ये दिवाणाला समांतर उभी राहिली. दोन्हींच्या मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढीच जागा उरली. कुसाबाईने लाटणं हातात घेऊन त्या जागेकडे बघितलं.

हर्षलने लॅपटॉप आणला, वायर जोडली. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा फुलला. “आई, जबरदस्त स्पीड आहे. निकिता, हे बघ.”

निकिता आली. बघितलं. “छान,” म्हणाली. मग हातातल्या फोनवर पुन्हा बोलायला लागली. दलालाने परत फोन केला होता. “नाही, कॅन्सल नका करू. नेटचं झालंय इथलं, त्यामुळे घाई नाही एवढंच. पाडव्यापर्यंत काढू इथे. पाडव्याला मुहूर्त चांगला असतो, तेव्हा शिफ्ट होऊ.”

कुसाबाईने हर्षलकडे बघितलं.

“म्हणजे बघू अजून,” हर्षल म्हणाला. तो लॅपटॉपवरून मान वर न करता बोलत होता. “आत्ताच काही नाही गं. पाडव्याला वेळ आहे.”

“मग ही वायर कशाला?”

“तोपर्यंत काम तर करायला हवं ना, आई.”

लाटण्याखालची पोळी एका बाजूने फाटली. कुसाबाईने तिचा पुन्हा गोळा केला. गोळा करून तो पोळपाटावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. समाधान कोपऱ्यातल्या भोकावर पुठ्ठा लावून म्हणत होता, “मावशी, हे नंतर लिंपून घ्या बरं का, नाहीतर झुरळं होतील.” तिला ते ऐकू आलं आणि आलंही नाही.

खंडेराव खिडकीपासून वळले. त्यांनी निकिताचं बोलणं ऐकलं होतं, हर्षलचंही. ते स्वयंपाकघरातून हॉलकडे निघाले. ओट्यापाशी येऊन थांबले आणि कुसाबाईकडे बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून.

आता ते बोलणार, हे तिला कळलं. काय बोलतील तेही तिला कळलं. मिळालं का सुख? थांबला का तुझा पोरगा? आणि त्यावर द्यायचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. आजचं नव्हतं ते, फार जुनं होतं. पिशवी खुंटीला टांगली गेली त्या दिवसापासून ती ते घासून पुसून ठेवत आली होती. त्यात तिच्या आईचं नाव होतं, पुंजाभाऊजींचं होतं, पायावर रित्या झालेल्या पाट्यांचं होतं. तिने पोळपाट बाजूला सारला. पिठाचे हात तसेच ठेवून ती ताठ उभी राहिली. हर्षलसमोर, सुनेसमोर, परक्या माणसासमोर ती आज ते बोलणार होती. फक्त त्यांनी आधी बोलायला हवं होतं. त्यांच्या एका शब्दाची खोटी होती.

“बोला,” ती म्हणाली.

खंडेरावांनी खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर नीट बसवली. हॉलमध्ये खाट आणि दिवाण ह्यांच्या मधून अंग चोरून ते पलीकडे गेले. दारापाशी चपला पालथ्या पडल्या होत्या, त्या पायानेच सुलट्या करून घातल्या. कडी काढली. कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, ओठ उघडे ठेवून. खंडेराव एक शब्द न बोलता बाहेर पडले.